जागेवाल्याला घातलेलं गाऱ्हाणं

प्रिय आई,

आमच्या ऑफिसातला प्रीतम हे पत्र घेऊन येतोय. त्याच्यासमोर उघडू नकोस, चहा पाज आणि पाठवून दे. फोनवर मी तुझ्या पवईला आमच्याकडे राहायला येण्याबद्दल काहीही बोलले की तू 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतेस आणि विषय संपतो, म्हणून यावेळी लिहूनच कळवतेय. भांडी बांधून झाली असतील तुझी. रविवारी टेम्पो यायचा म्हणून तू आठवडाभर आधीच दोन ताटांवर संसार आणला असशील, ओळखते मी तुला.

बुधवारी तुमच्या महिला मंडळाचं जेवण होतं ना, घोडबंदर रस्त्यावरच्या जुन्या सराईत? मला तू एवढंच म्हणालीस की कुठेतरी जायचंय, बायका सोडत नाहीत. अगं, त्याच दुपारी आमचं ऑफिसही तिथेच जेवायला आलं होतं, एका साहेबांना निरोप द्यायला. जागा काय सुंदर आहे. बैलगाड्यांनी मुंबईत येणारे वाटसरू तिथे मुक्काम करायचे म्हणे. बैलांना पाणी पाजायची दगडी डोण अजून दारात आहे, आता तीत कमळं लावलीयत. मी लाकडी खांबाआड बसले होते. आधी कुणाचं तरी मोठ्याने हसणं ऐकलं, आणि ते तुझं आहे हे कळायला मला मान वळवून बघावं लागलं.

उठून येणारच होते, पण तू वेटरला बोलावलंस. सोलकढीची वाटी त्याच्या हातात देऊन शांतपणे म्हणालीस की ही पावडरची आहे, नारळाची असेल तर आण, नसेल तर ताक चालेल. माझ्या घरी तू मीठ कमी पडलं तरी बोलत नाहीस गं. मी परत खुर्चीत बसले. आमचे साहेब काय बोलले त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

मग शकुमावशीने टेबलावर थाप मारली आणि तुला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मला वाटलं तू लाजून नाही म्हणशील. बाबा चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचे तेव्हा सगळे पुरुष एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, आणि तू पुऱ्यांच्या कढईपाशी असायचीस. बायका कुठे घालतात गाऱ्हाणं? पण तू उठलीस, पदर खोचलास, हात जोडलेस आणि थेट त्या सराईच्या राखणदाराला हाक मारलीस. 'बा जागेवाल्या म्हाराजा, तुझ्या हय इल्या-गेल्याक कोणी कधी उपाशी धाडूक नाय,' असं सुरू केलंस, तेव्हा बाबांचाच आवाज ऐकतेय असं वाटलं. नाही, बाबांपेक्षाही झकास. बाबा पाठ केलेलं म्हणायचे, तू प्रत्येकीचं दुखणं जाणून म्हणत होतीस. प्रेमामावशीच्या गुडघ्यांनी मांडलेला छळ दूर कर. हेमांगीच्या पोराची नोकरी कायम कर. म्हाताऱ्या सरूबाईला आता तरी कानाचं मशीन लावायची बुद्धी दे. बायका हसून हसून 'व्हय म्हाराजा' म्हणत होत्या. काउंटरवरचा मॅनेजरसुद्धा हात जोडून उभा होता. मला आमच्या टेबलावर सांगावंसं वाटत होतं, ती बघा, ती माझी आई.

स्वतःसाठी तू काहीच मागितलं नाहीस. खाली बसायला लागलीस तशी शकुमावशी उठली आणि तिने तुझं गाऱ्हाणं पुढे ओढलं. 'आणि म्हाराजा, आमच्या जानकीक लेक पवईक घेवन जाता हा. लेक गुणाची आसा, तिचां सगळां बरां कर. पण तो सामानाचो टेम्पो तेवढो वाटेत बंद पाड रे म्हाराजा.' सगळ्या एकदम ओरडल्या, व्हय म्हाराजा. तूही ओरडलीस, आई. मी तुझ्या ओठांकडेच बघत होते. मग हसता हसता तू पदराने डोळे पुसलेस आणि सरूबाईच्या ताटात भात वाढायला लागलीस. मी मागच्या दाराने निघून गेले. समोर आले असते तर तू लगेच पुन्हा 'तुम्ही म्हणाल तसं' वाली झाली असतीस.

मला भीती वाटतेच. श्रावणात तू न्हाणीघरात पडलीस तेव्हापासून रात्री फोन वाजला की मी अंधारात धडपडत उठते. पण तेव्हा तुला उचललं कुणी, तर शेजारच्या शकुमावशीने. पवईच्या आमच्या बाराव्या मजल्यावर तू पडलीस तर संध्याकाळी आम्ही येईपर्यंत कुणाला कळणार पण नाही. तिथे तू शौनकची आजी असशील, चांगली आजी असशील, पण गाऱ्हाणं कुणासाठी घालशील?

म्हणून हे पत्र. टेम्पोवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. न्हाणीघरात धरायला दांडा बसवणारा माणूस रविवारी येईल, आणि त्याच्या मागोमाग मी आणि शौनक येऊ. बांधलेली भांडी आपण मिळून सोडू. घराची एक किल्ली शकुमावशीकडे दे आणि तिला सांग, तिचं म्हणणं जागेवाल्याच्याही आधी खांबाआडच्या एकीने ऐकलं होतं. टेम्पो बंद पडला, आई. तू तुझ्या दहिसरातच राहा. मी इथून एकटीच म्हणतेय, व्हय म्हाराजा.

तुझीच, आणि आता जरा मिरवणारी,
जान्हवी