एका पिंजऱ्यात एकच उंदीर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (पोट हल्ली फार पुढे आल्यामुळे आठही अंगं जमिनीला टेकत नाहीत, भाव समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात, भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे, ते कळव. मी ठीक. आई आता व्यवस्थित जेवते, असं मागच्या पत्रात मोठ्या थाटात लिहिलं होतं, ते मागे घेतो. ती जेवत नाही, ताई. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण आधी शेवटपर्यंत वाच.

माझं काम तुला ठाऊकच आहे. (भाऊजी सगळ्यांना "आमचा मेहुणा उंदरांना बारीक करतो" असं सांगतात, ते अगदीच चूक नाही.) अंगातली चरबी मेंदूला निरोप धाडते की पुरे, आता हात आवर. त्या निरोपाचं नाव लेप्टिन. पोट रिकामं झालं की तिथून दुसरा निरोप निघतो, आण काहीतरी खायला; ते घ्रेलिन. आमच्याकडे एक उंदीर आहे, त्याच्या अंगात पहिला निरोप तयारच होत नाही. त्याला आम्ही शेठ म्हणतो. शेठ बसल्या जागी पसरलेला असतो, खाण्याच्या भांड्यापर्यंत जायचं तर धापा टाकतो, पण जातो. माणसांची तऱ्हा आणखी न्यारी. जाड माणसाच्या अंगात हा निरोप बहुधा ढिगाने असतो, मेंदूच दाद देत नाही. सगळी उमेद मी या "पुरे"च्या मागे घातली. एकदा प्रयोगशाळेत घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा मी फळ्यापाशी उभा राहून ऐटीत विचारलं, "वजन का वाढतं?" आई पहिल्या रांगेतून म्हणाली, "कोणीतरी वाढतं म्हणून!" माझ्या तासाभराच्या भाषणातलं आमच्या साहेबांना अजून तेवढंच आठवतं.

आणि आता तीच आई दोन घासांत "पुरे" म्हणते. आजाराने तिची भूकच मारली आहे. ज्या शब्दासाठी मी जन्म घालवला, तो तिच्या तोंडून ऐकला की मला रडू येतं.

भूक लागायची औषधं देऊन झाली, लाडीगोडी झाली, रागावून झालं. शेवटी मी प्रयोगशाळेतली पद्धत घरी आणली. उंदराचं खाणं आम्ही असंच मोजतो: ठेवलं किती, उरलं किती, मधलं सगळं उंदराच्या पोटात. ओट्यावर वजनकाटा मांडला. आईचं ताट आधी तोलायचं, दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं, मग पुन्हा तोलायचं. ताट जवळजवळ रिकामं! मी हरखून गेलो आणि तुला ते पत्र टाकलं. आईसुद्धा काट्यात डोकावून "बघ, किती जेवले" म्हणायची, आणि चेहरा असा की कोणालाही खरं वाटावं.

फक्त तिचं वजन उतरतच राहिलं आणि माझी पँट कमरेला बसेना. (याचा एकमेकांशी संबंध असेल, ही शंका एवढ्या शिकलेल्या माणसाला आली नाही.) परवा जेवताना पाणी आणायला उठलो आणि मध्येच वळून पाहिलं. आई आपल्या ताटातला भात माझ्या ताटात सारत होती, आणि कळू नये म्हणून वरून चमच्याने सारखा करत होती. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिला धडा हाच देतो, की खाणं मोजायचं तर एका पिंजऱ्यात एकच उंदीर. दोन ठेवले तर कोणी किती खाल्लं, देव जाणे. मी ओरडायला तोंड उघडलं, तर त्यात घास होता, बहुतेक तिचाच. ती म्हणाली, "अरे, तू एवढा मन लावून मोजत होतास. तुझा हिरमोड कशाला करायचा?" मला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि हसता हसता तिला धाप लागली. मी हात धरला तर नुसती हाडं लागली. ताई, फार वाईट वाटतंय गं. उंदराला हवा तो निरोप मी सुईने देऊ शकतो. आईसाठी माझ्याकडे काही नाही.

काटा उचलून माळ्यावर टाकला आहे. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
(आता चांगलाच थोरला दिसणारा) धाकटा भाऊ

ता. क. कामाचं राहिलंच. तू ये. रजा मिळत नाही वगैरे सांगू नकोस. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, की यापुढे खाण्यासाठी त्यांच्या मागे लागू नका. याचा अर्थ मी विचारला नाही. तू आलीस की दोघं मिळून विचारू.

ता. क. २. आई पलंगावरून विचारतेय, ताईला काय लिहितोयस. मी म्हटलं, तू छान जेवतेस असं लिहितोय. ती म्हणाली, "मग ती कशाला येईल रे? जेवत नाही असं लिही."