दुसऱ्या हेलिकॉप्टरला कळवले

वेस्ट मांबलम, चेन्नई
१८ जून २००६

ती. विजयमामा यांस,
ऊर्मीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोनवरचं बोलणं तुमच्या मते हवेत जातं, म्हणून सगळं लिहूनच कळवते. माझी तब्येत उत्तम, जेवण वेळेवर. काल दुपारच्या सुट्टीआधी मी आपल्याच सैन्याचे अकरा ट्रक उडवले.

हे आईला सांगू नका. तिला मी ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे एवढं पुरतं. आमची छोटीशी कंपनी वेलचेरीत, गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. लढाऊ हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना सराव करता यावा म्हणून आम्ही सिम्युलेटर बनवतो. दोन कॉकपिट आहेत, समोर मोठे पडदे. माझं काम ती चालवून चुका शोधण्याचं. पहिलं हेलिकॉप्टर टेकडीमागून फक्त रडार वर काढतं, समोरचे रणगाडे आणि ट्रक टिपतं, कोणाला आधी मारायचं त्याचे क्रमांक लावतं. ती यादी डेटालिंकने, म्हणजे बिनतारी जोडणीने, दुसऱ्या हेलिकॉप्टरला जाते आणि ते टेकडीमागे लपूनच क्षेपणास्त्र सोडतं. दुसऱ्याला स्वतःला काही म्हणजे काही दिसत नाही. त्या दुसऱ्यात मी असते.

घरमालकीण सकवारबाई तंजावरकडच्या. त्यांचं मराठी फार जुनं आणि निम्मं तमिळ, पण एकमेकींचं कळतं. मी हापिसात काय करते असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, क्षेपणास्त्रं सोडते. शनिवारीसुद्धा का, एवढंच त्यांनी विचारलं.

मामींना नमस्कार. पत्राची वाट पाहते.

आपली,
ऊर्मी

मिरज
२७ जून २००६

चि. ऊर्मीस,
विजयमामाचे अनेक आशीर्वाद.

अकरा ही संख्या जास्त आहे. हवाई दलात मी सव्वीस वर्षं रडारसमोर काढली, पण आमच्या सबंध तुकडीला मिळून एवढं जमलं नाही. त्या ट्रकांत ड्रायव्हर होते का, असं तुझ्या मामीने विचारलं. नव्हते असं सांगितल्यावर ती जेवली.

एक विचारतो. दुसऱ्याला काही दिसत नाही म्हणतेस, तर आपली माणसं कुठे आहेत हे त्याला कोण सांगतं? पहिल्याला ठाऊक असणं निराळं आणि ते दुसऱ्यापर्यंत पोचणं निराळं. तुझा नेम चुकतोय असं मला वाटत नाही. एकदा तपासून बघ.

इथे गुडघ्याशिवाय सगळं ठीक. मामी मेतकूट पाठवते आहे. ते सकवारबाईंनाही दे, म्हणजे शनिवारचं विचारणार नाहीत.

तुझा,
विजयमामा

वेस्ट मांबलम
९ जुलै २००६

ती. विजयमामा यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तेच निघालं. आपले ट्रक जिथे उभे असतात त्याभोवती पहिल्या हेलिकॉप्टरातून एक चौकट आखता येते. तिला नो-फायर झोन म्हणतात, म्हणजे त्याच्या आत मारायचं नाही. मी ती आखली आणि यादी पाठवली. दुसऱ्या कॉकपिटात सोळाच्या सोळा लक्ष्यं आली, चौकट आलीच नाही. पडद्यावर मात्र ‘सर्व माहिती मिळाली’ असं हिरव्या अक्षरांत उमटलं.

मी नागोजीरावांना सांगितलं. ते आमचे प्रमुख. माणूस चांगला आहे, सगळ्यांसाठी कॉफी स्वतः घेऊन येतो. त्यांनी तीनदा करून पाहिलं. मग म्हणाले की सेनेचे अधिकारी एकवीस तारखेला पाहायला येताहेत आणि ही दुरुस्ती दोन-तीन महिन्यांची आहे. प्रात्यक्षिकात आपण चौकट आखणारच नाही, तेव्हा तू ‘डेटालिंक व्यवस्थित’ असं लिहून सही कर, नंतर सावकाश दुरुस्त करू. सिम्युलेटरमध्ये कोणी मरत नाही, असंही म्हणाले. सेनेचं काम हातचं गेलं तर आम्ही चौदाजण घरी बसणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मामा, मी काय करू? लवकर लिहा.

आपली,
ऊर्मी

मिरज
१३ जुलै २००६

चि. ऊर्मीस,
अनेक आशीर्वाद.

काय कर ते मी सांगणार नाही. मी काय केलं ते सांगतो. हे तुझ्या मामीलाही ठाऊक नाही.

एकाहत्तरचा डिसेंबर. सीमेजवळच्या एका तळावर मी रडारवर होतो, वय चोवीस. दिवस मावळताना आपलं एक विमान परतताना दिसलं. आपलं आहे, मारू नका, असं विमानविरोधी तोफांच्या चौकीला फोनवर कळवायचं असे. फोन उचलला तर लाइन मेलेली. मी सार्जंटला सांगितलं. तो म्हणाला, लाइन आत्ता येईल, तू वहीत ‘कळवले’ असं लिहून टाक. मी लिहिलं. वेळ घातली, सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

लाइन आली नाही. आपल्याच तोफांनी विमानावर मारा केला. वैमानिकाने ते कसंबसं उतरवलं, पण त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. फ्लाइट लेफ्टनंट अप्पाजी, तुझ्या सकवारबाईंसारखाच तंजावरकडचा. चौकीत फोनवर बसणारा माणूस दुसऱ्याच दिवशी बाँबहल्ल्यात गेला, त्यामुळे चौकशीत उरली ती माझी वही. कळवूनही तोफा चालल्या, त्याअर्थी विमान ठरलेली वाट सोडून आलं असणार, असा निकाल झाला. अप्पाजींच्या नावावर चूक लागली. सार्जंटने लाइनचं नाव काढलं नाही. मला कोणी काही विचारलं नाही आणि मी होऊन काही सांगितलं नाही.

अप्पाजी आता चेन्नईजवळ तांबरमला असतात असं ऐकून आहे. तुला भेटायला मी दोनदा चेन्नईला आलो. दोन्ही वेळा तुझ्याकडे जेवलो आणि परत फिरलो.

सिम्युलेटरमध्ये कोणी मरत नाही हे नागोजीरावांचं म्हणणं खरं आहे. पण तिथे शिकलेला माणूस पुढे खऱ्या हेलिकॉप्टरात बसतो, आणि हिरवी अक्षरं दिसली की विश्वास ठेवायचा हे तो तुमच्याकडून शिकून जातो.

उत्तराची घाई नाही.

तुझा,
विजयमामा

वेस्ट मांबलम
३० जुलै २००६

ती. विजयमामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी अहवालात मी लिहिलं की नो-फायर झोन दुसऱ्या हेलिकॉप्टरला पोचत नाही आणि तरीही सर्व माहिती मिळाल्याचं दिसतं. खाली सही केली. नागोजीरावांनी वाचलं आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कॉफी मात्र आणून ठेवत होते.

ते पान ते काढून टाकतील असं मी धरूनच चालले होते. एकवीस तारखेला फाइल उघडली तर ते सगळ्यांत वर. आलेल्या दोघांतल्या वयस्क अधिकाऱ्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मला पहिल्या कॉकपिटात बसवून चौकट आखायला सांगितली आणि स्वतः दुसऱ्यात बसले. चार क्षेपणास्त्रं सोडली, आपले चार ट्रक गेले. खाली उतरून पाणी मागितलं. तुमच्याकडच्या दुसऱ्या कोणी हे लिहिलं असतं का, असं त्यांनी नागोजीरावांना विचारलं. नागोजीराव म्हणाले की खरं सांगायचं तर मीच नको म्हणालो होतो.

काम मिळालं नाही. डिसेंबरात दुरुस्त करून दाखवा, मग बघू, असं सांगून ते गेले. आमच्यातल्या तिघांनी दुसरीकडे नोकरी धरली. त्यातली एक माझ्याशी बोलत नाही आणि तिचं फारसं चुकतं असंही मला वाटत नाही. दुरुस्ती माझ्याकडे आली आहे.

मामा, लहान तोंडी मोठा घास होईल, पण लिहिते. तांबरम माझ्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर आहे.

आपली,
ऊर्मी

मिरज
२४ ऑगस्ट २००६

चि. ऊर्मीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी आधी मामीला सगळं सांगितलं. तिने उठून कोरे कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. जुन्या सहकाऱ्यांकडून पत्ता मिळवला आणि अप्पाजींना लिहिलं. चार कागद फाडले. शेवटी एवढंच राहिलं, की लाइन बंद होती, कोणालाही कळवलेलं नव्हतं, वहीतलं अक्षर माझं आहे आणि चूक तुमची नव्हती.

काल उत्तर आलं. चारच ओळी आहेत, डाव्या हाताने लिहिलेल्या. ते लिहितात की पस्तीस वर्षं मी त्या भागाचा नकाशा टेबलावर ठेवून आहे आणि कुठे वळायला चुकलो ते शोधतो आहे. बायको शेवटपर्यंत म्हणत होती की चुकला नसाल, तिला मी वेड्यात काढलं. तुमच्यावर रागवायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही, समोर आलात की ठरवीन. दुपारी चारनंतर या.

मी सोमवारच्या गाडीत बसतो आहे. तू रजा काढू नकोस, तुझं काम सोडून यायचं कारण नाही. या वेळी तांबरमला मी नक्की जाईन, आणि एकटाच.

मामीचे आशीर्वाद. आमच्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझा,
विजयमामा