चेअरमनच्या नावानं मैनुद्दीनची फुंकर

मुक्काम धारूरच्या घाटावरची वस्ती

श्री. राधाकिशनराव व्याही, नेकनूर, यांना सुंदररावाचा खाटेवर बसूनच रामराम. (उभं राहून घातला असता, पण मग पत्र राहिलं असतं.) विहीणबाई छबुबाईंचा गुडघा कसा हाय? टँकर येळेवर येतो का? आमची मनकर्णा फोनवर सासरची एकही तक्रार करत न्हाई, त्यावरून तुमी सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. फोन सोडून पत्र कावून म्हणाल, तर फोन लावला की आमची कारभारीण सत्यभामा कान देऊन बसती.

माझ्या छातीचं तुमाला ठाऊकच हाय. अर्धं आयुष्य बिडी ओढली, त्यात यंदा सोसायटीच्या चारा छावणीतला फुफाटा. कचेरीपासून हापशापर्यंत जायचं तर मधी म्हाळूच्या ओट्यावर टेकावं लागतं. हा म्हाळू आमच्या दूध सोसायटीतला विरोधी पॅनेलचा पुढारी, म्हणजे दम खायचा तोही दुश्मनाच्या ओट्यावर! यंदा म्हशी आटल्या, दूध आटलं, पण निवडणूक काही आटली न्हाई. म्हाळूनं गावभर उठवलं, की ज्या चेअरमनला स्वतःचा श्वास सांभाळंना तो सोसायटी काय सांभाळणार? मला लई झोंबलं. म्हटलं, डॉक्टरचा दाखलाच आणतो आन् ह्याच्या नाकावर टिच्चून लावतो.

तालुक्याला छातीचं शिबिर लागलं, तिथं गेलतो. डॉक्टरीणबाईनं रक्त काढलं आणि सांगितलं, की इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढल्यात. त्यांचं काम जंतबिंत मारायचं, पण माझ्यात तसलं कुणी घावंना, म्हणून त्या माझ्याच श्वासनळीला सुजवून बसल्यात. मला झटक्यात समजलं. आमच्या संचालक मंडळात दुसरं काय चालतं? (बाई म्हणाल्या, बिडीनं नळ्या कायमच्या आखडतात त्या जुनाट आजारात अशी सूज असली तर ओढायचं औषध चांगलं लागू पडतं, नशीब समजा.) मग नाकाला चिमटा लावून एका नळीत फुंकायला लावलं. मी जीव तोडून फुंकलं. बाईंनी विचारलं, आजोबा, सुरू कधी करताय? मग नळ्या उघडायचा पंप ओढायला देऊन म्हणाल्या, जरा बाहेर बसा, परत फुंकून बघू किती फरक पडतो.

आता व्याही, आपल्याकडची रीत तुमाला काय सांगायची? सभेला माणूस हजर नसला तरी त्याचा अंगठा हजर असतो. मेलेला सभासदसुदीक ठरावाला अनुमोदन देतो. मग एक फुंकर दुसऱ्यानं मारली तर कुठं आभाळ कोसळतं? माझ्या सोबतीला आमच्या गावचा मैनुद्दीन आलता, वरातीच्या बँडात ट्रंपेट वाजवणारा. दुष्काळानं लग्नं पुढं गेली, बिचाऱ्याची सगळी हवा छातीत तुंबलेली. माझा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि दिला आत धाडून. बाईंची नजर पडद्यावरच्या रेघेवर, माणसाकडं कोण बघतंय! तो असा फुंकला, की बाई खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, औषधानं एवढा फरक मी जन्मात बघितला न्हाई. नळ्या पार उघडल्या, हा जुनाट आजार न्हाईच! दाखला मिळाला. पण शिबिरातले फुकटचे पंप जुनाट आजारवाल्यांसाठीच, म्हणून माझ्या नावावर काट मारली. म्हणजे छाती मैनुद्दीनची, दाखला मला, आणि औषध कुणालाच न्हाई.

दाखला कचेरीच्या भिंतीवर डकवला. तर म्हाळू बेणं म्हणतं कसं, एवढी छाती हाय तर हनुमान जयंतीला शंख चेअरमननंच वाजवावा. न्हाई कसं म्हणणार? मैनुद्दीनला ट्रंपेट घेऊन देवळामागच्या खिडकीशी उभा केला. मी शंख तोंडाला लावला आणि त्या बहाद्दरानं सवयीनं वरातीचीच चाल धरली. पोरं नाचायला लागली, म्हाताऱ्या रडायला लागल्या, आणि फुंकायचं सोंग करता करता माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येऊन मी आडवा. गाव म्हणालं, अंगात आलं! म्हाळूनं पाया पडून अर्ज मागं घेतला. बिनविरोध आलो. आता खाटेपासून चेअरमनच्या खुर्चीपर्यंत जाता येईना, म्हणून हार घालून घ्यायलासुदीक मैनुद्दीनच गेलता.

बाकी तब्येत ठणठणीत. काळजी नसावी.

तुमचा,
सुंदरराव, चेअरमन (बिनविरोध)

ता. क. : तेच शिबिर येत्या सोमवारी नेकनूरला लागणार हाय. तुमची छाती दगडावाणी हाय हे मी जाणतो, पण सोयरीक राखायची म्हणून एवढं करा : जा आणि वाईट फुंका. पंप ओढायच्या आधी वाईट, नंतरही वाईट. अधीमधी खोका. पंप मिळाला की एसटीच्या कंडक्टरजवळ धाडा. (रक्त मात्र माझंच लागंल, त्याची काय सोय करता येईल ते बघतो.)

ता. क. दुसरा : वरचं सत्यभामेनं वाचलं. म्हणाली, "फुंकायला मैनुद्दीन, खोकायला व्याही. मरायची पाळी आली की कुणाला धाडताव?" मी हसायला गेलो, तर हसायलाही दम पुरंना. मैनुद्दीन इथंच बसलाय, त्यानं तोंड फिरवलं. तवा पंपाचं राहू द्या. सोमवारच्या आधी या आणि मला दंडाला धरून त्या बाईंपुढं न्या. खरं काय ते तुमीच सांगा, मी शेजारी बसून मान हलवतो. लई भ्या वाटतंय, व्याही. या.