एका वेलांटीचा घोळ

सास्तूर, ता. लोहारा

तीर्थस्वरूप महांतप्पा मामांना शंभुलिंगचा वाकून नमस्कार. तुमची कंबरदुखी आणि मामींचा राग, दोन्ही आता उतारावर असतील. हे फोनवर सांगता येत नाही, कारण आईला प्रत्येक फोन स्पीकरवर लागतो.

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा नाही, म्हणून आई गायत्रीला किती देवळांच्या पायऱ्या चढायला लावते, हे तुम्हाला ठाऊक आहे. (ती चढते. मी खाली चपला राखतो, आणि खिशातली चपटी.) शेवटी गायत्रीनंच मला लातूरला नेलं. डॉक्टर निघाल्या बाई. मी खाली बघून फरशी पाठ केली. गायत्रीचे रिपोर्ट चांगले आले, माझे नाहीत. बाईंनी समजावलं, की मेंदूकडून रक्तावाटे हार्मोनचा निरोप अंडग्रंथींना जातो, मग त्या कामाला लागतात. वर्षानुवर्षं रोज दारू गेली, की निरोप धाडणारा पेंगतो आणि ऐकणाऱ्या ग्रंथी बहिऱ्या होतात. पण बहुतेकदा सुधारतं, थेंबही घेऊ नका, तीन महिन्यांनी परत तपासू, असं त्या म्हणाल्या.

घरी आईनं विचारलं, "काय म्हनली डाक्टरीन?" मी "ग्रंथी..." एवढंच पुटपुटलो. आईला ऐकू आलं ग्रंथ. "म्या चार साल तेच सांगाया लागले! ग्रंथ वाचल्याबिगर घरात पोर रांगत न्हाय." दुसऱ्याच दिवशी मी पारायणाला. (एकेक वेलांटी तपासत वाचतो, त्यामुळे सात दिवसांचं पारायण तेराव्या आठवड्यात आहे.) ग्रंथाला शिवणाऱ्यानं दारूला शिवायचं नाही, म्हणून आई रोज सकाळी माझं तोंड हुंगते. सुरुवातीला हात इतके कापायचे, की पान आपोआप उलटायचं. बाईंच्या गोळ्यांनी ते थांबलं. आता भूक लागते, झोप लागते, आणि गायत्री कारण नसताना हसते. सोमवारी दुसरी तपासणी आहे. भीती वाटते, पण चांगली भीती.

मामींना दोन नमस्कार.

तुमचा शंभुलिंग

ता. क. खरं काम पुढंच आहे. शनिवारी येऊन आईला तुम्हीच सांगा, की दोष गायत्रीचा नव्हता, माझा आहे. तुम्ही तिचे थोरले भाऊ. माझी जीभ त्या वेलांटीपाशी अडते.

आणखी एक ता. क. सांगायची गरज उरली नाही. शुद्धलेखन बघायला दिलेलं हे पत्र गायत्रीनं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आई उठली. तिनं गायत्रीसाठी स्वतः चहा टाकला (चार वर्षांत पहिल्यांदा) आणि मला विचारलं, "तुला पयला पेला कुनी पाजला रं?" मी तुमचं नाव सांगितलं. तरी शनिवारी याच, मामा. आईनं तुमच्यासाठी पाट मांडून ग्रंथ काढून ठेवला आहे.