जोनासच्या बायकोची जागा

प्रिय हेस्टर,

तू फोन आदळलास त्याला आठवडा झाला. फोनवर मला धड भांडता येत नाही, तुला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले. 'तुझंही जोनासच्या बायकोसारखंच होणार,' म्हणालीस, आणि माझ्या लग्नाला येणार नाही म्हणालीस. फार लागलं गं मला ते.

चर्चच्या आवारात जोनास लोकरवाल्याच्या थडग्यावरच्या त्या दगडाशीच तुझं बालपण गेलं. वर कोरलेली पंखवाली गुबगुबीत बाळं, मध्ये कवटी, मग त्याचं नाव, आणि खाली बायकोसाठी सोडलेली अर्धी जागा. दोनशे वर्षं कोरीच. नाक तुटलेल्या बाळाला तू डेझीच्या फुलांचा हार घालायचीस आणि बाबांना विचारायचीस, ह्याची बायको कुठे गेली? बाबा म्हणायचे, 'येईल गं, टोपी शोधत असेल.' अजूनही प्रार्थनेला कुणी उशिरा शिरलं की मागच्या बाकावरून कुजबुज होते, 'आली बघा जोनासची बायको!' तिनं दुसरं लग्न केलं आणि त्या दुसऱ्याशेजारीच निजली, म्हणतात.

बाबा गेले, त्यांच्या दगडावर जागा सोडली तेव्हा तूच पाथरवटाला बजावलंस, अक्षरं बारीक काढा, आईला जागा पुरली पाहिजे. मी दर रविवारी तिथं जाते. गवत उपटते, पण दगडावरचं शेवाळ खरवडत नाही. जुन्या दगडाला कुणी ब्रश लावला की बाबा कसे खवळायचे, आठवतं? 'अरे, म्हाताऱ्याची दाढी काढतोस काय!'

सिरिल मला तिथंच भेटला. पलीकडच्या रांगेत त्याची बायको डोरीन आहे, आणि तिच्या नावाखाली त्याची जागा. आधी आम्ही नुसत्या माना हलवायचो. मग एकदा पावसात त्यानं छत्री धरली, मग थर्मास आणायला लागला. चहा भयंकर करतो मेला! पण हेस्टर, मी फार एकटी पडले होते. कित्येक दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू लीड्सहून कामधाम टाकून धावत आली असतीस.

काल मी पाथरवटाला बोलावून घेतलं. पाद्रीबाबा कुरकुरले, जिवंत बाईचं नाव कुठं कोरतात का? म्हटलं, माझं कोरा. आता बाबांच्या नावाखाली आहे, 'आणि त्यांची पत्नी ईनिड', पुढे जन्मसाल. शेवटचं साल तेवढं राहिलंय. छिन्नी चालू होती तोवर सिरिल टोपी काढून डोरीनपाशी उभा होता. तोही तिच्याशेजारीच जाणार, आमचं तसं आधीच ठरलंय. मी कुठं निजायचं ते आता दगडावर आहे, पोरी. मधली जी काय वर्षं उरली असतील, ती मला कुणाबरोबर तरी चहा पिऊ दे.

लग्न येत्या शनिवारी अकराला आहे. चर्चच्या दाराकडे जाणारी वाट बाबांच्या अगदी जवळून जाते. नवरीला हात धरून आत न्यायचं ते बापानं, आणि माझा बाप तर केव्हाच गेला. तिथून एकटीनं पुढं जायला माझे पाय उचलणार नाहीत गं. माझा हात धरायला येशील?

टोपी सापडलेली,
तुझीच
आई