गोधडीतला लॅपटॉप

बेलापूर,
१८ एप्रिल १९९९

ती. कल्याणदादास,

मनकर्णाचा नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? जिना चढू देऊ नकोस. आम्ही सगळे मजेत आहोत. तुझा लॅपटॉपही मजेत आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं न घाबरता वाचशील.

शाळेचे पेपर टाइप करायला तो तू मला मेपर्यंत दिलास. पेपर आठवड्यात संपले. मग माझे सासरे, रंभाजीनाना (कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते), शेजारी येऊन बसायला लागले आणि एका दुपारी स्वतःच्या लहानपणाचं सांगू लागले. मी टाइप करत गेले. सहा वर्षांत ज्यांनी माझ्याशी 'चहा टाक'च्या पलीकडे बोलणं केलं नव्हतं, ते रोज माझी शाळा सुटायची वाट बघू लागले.

जाताना 'धूळ लागू देऊ नकोस' असं तू बजावलंस. सासूबाईंनी (मालनबाईंना तू ओळखतोसच) ते फारच मनावर घेतलं. जुन्या लुगड्यांची चौपदरी गोधडी शिवली. खालून, मागून, दोन्ही बाजूंनी लॅपटॉप गुंडाळलेला. पडदा आणि बटणं तेवढी उघडी. बाळंतिणीजवळचं तान्हंच जणू. त्यात एप्रिल, आणि डोक्यावर पत्रे.

मंगळवारी नानांच्या गोष्टीत त्यांचे वडील बैलगाडीसकट प्रवरेच्या पुरात अडकले, आणि नेमका पडदा काळा झाला. चाळीस पानं आत. हात लावला, तर यंत्र तव्यासारखं तापलेलं. सासूबाई ओलं फडकं घेऊन धावल्या (ताप उतरवायला). त्यांना कसंबसं उंबऱ्यातच अडवलं.

नाना शांत होते. त्यांनी आधी वायर काढायला लावली, गोधडी सोडली, तळाला हात लावून पाहिला. बाजूच्या फटी लुगड्याच्या धाग्यांनी गच्च भरल्या होत्या.

"आतली धग भाईर जायला वाट लागती," नाना म्हणाले. "आपन तीच बुजवली."

तासभर गार होऊ दिलं. मऊ ब्रशने फटी झाडल्या. मग जेवायच्या पाटावर माझ्या दोन फुटपट्ट्या, त्यांवर लॅपटॉप, म्हणजे खालून वारा खेळतो. खिडकीजवळ, पण उन्हात नाही. बटण दाबताना मी डोळे मिटले होते. चाळीसही पानं जागच्या जागी. गेला तो फक्त पूर. नानांनी तो पुन्हा सांगितला. (पहिल्यांदा पाणी कमरेपर्यंत होतं, या खेपेला गळ्याशी आलं.) आता रोज फ्लॉपीवर उतरवून ठेवते.

सासूबाई दोन दिवस हिरमुसल्या होत्या. नाना गुपचूप ती गोधडी घेऊन बसायला लागले, तेव्हा कुठे कळी खुलली.

तर लॅपटॉप ठणठणीत आहे. ठरल्याप्रमाणे मेमध्ये येऊन घेऊन जा.

तुझी,
मनकर्णा

ता. क. मेमध्ये तू जरूर ये. लॅपटॉप मात्र दिवाळीपर्यंत राहू दे. नाना आत्ता कुठे कारखान्याच्या फाटकाशी पोचलेत.

आणखी एक. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ह्या दिवाळीचं खोड, फुडल्या दिवाळीचं लिही. ह्यांचं झालं की माझं घ्यायचं. चाळीस पानं झाली, मी आजून आलेच न्हाई."