एमेटचं मला सगळं कळतं

३ मार्च
आजपासून नातवाची जीभ मी वळवणार. साडेचारचा झाला, तरी एमेटचे निम्मे शब्द तोंडातच राहतात. सप्टेंबरात शाळा. तिथे पोरं टिंगल करतील. जन्मला तेव्हा दोन पौंडांचा. आमच्या बोलिंग क्लबच्या भिंतीवर टांगलेला मासा त्याच्या चौपट. जगला तसा बोलेलही. स्पीच थेरपीवाली लिंडक्विस्टबाई म्हणते, इतक्या लहान जन्मलेल्यांना काही आवाज उशिरा येतात, धीर धरा. मला कुठे वेळ? क्लबचं किचन कोण बघणार?

४ मार्च
एमेटच्या तोंडात वर टाळूला पीनट बटर लावलं. जीभ वर जाईल, आवाज सुटेल. त्याने चाटलं, आणखी मागितलं. बोट दाखवून. प्रगती आहे.

९ मार्च
शिट्टी आणली. ओठ मजबूत होतात, असं क्लबच्या काउंटरवरची डॉटी म्हणाली.

१२ मार्च
दूध हवं, शिट्टी. टीव्ही हवा, शिट्टी. लेक ट्रिना ओरडली, मॉम, होतं तेवढं बोलणंही घालवलंस की गं! मी क्लबात जाऊन शिट्टी डॉटीच्या अंगावर फेकली. चूक तिचीच.

१९ मार्च
बाई म्हणाली, तो बोलेपर्यंत थांबा, मध्ये बोलू नका. मी म्हटलं, मी कुठे बोलते? तिने एमेटला विचारलं, काल काय जेवलास? मी सांगितलं, हॉटडिश, खिमा-बटाट्याची. वेळ वाचला.

२१ मार्च
एमेट क्लबात काहीतरी म्हणाला. म्हातारा आर्विड म्हणाला, डार्ला, काय मागतोय गं हा? मी म्हटलं, पॅनकेक, आणखी काय! अख्ख्या गावात त्याचं बोलणं मला एकटीला कळतं. लगेच करून दिला.

२६ मार्च
बाईने आज मला बाहेर बसवलं. म्हटलं, माझ्याशिवाय तोंड उघडायचा नाही. दाराला कान लावला. आत पोरगं बोलतंय, मोडकंतोडकं, पण थांबेचना. निघताना बाई म्हणाली, पॅनकेक आवडत नाही म्हणतो, माहीत होतं? मी म्हटलं, हो तर.

२६ मार्च, संध्याकाळ
गाडीत एमेट काहीतरी म्हणाला. मी थांबले. अगदी बाईने सांगितलं तशी. परत म्हणाला. मग ओरडून म्हणाला. एक अक्षर कळलं नाही. म्हटलं, बरं राजा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

घरी आल्यावर दुसरं काही सुचेना. पॅनकेक केला.
एमेटने मुकाट्याने खाल्ला.